इटलीहून आलेलं टपाल

१९४४ सालच्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या आसपास दोन अगदी वेगळ्या घरांत इटलीहून टपाल येत होतं. एक घर शिरोळ, कागल, गडहिंग्लज किंवा पन्हाळ्याकडच्या एखाद्या खेड्यातलं. सोप्यात म्हातारा, दाराआड सून, परड्यात म्हैस आणि पोरगा मराठा पलटणीत. दुसरं घर कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गालगत वळिवड्याच्या माळावरचं. घर म्हणजे लांबलचक बराकीतला एक भाग. तिथं राहणारी बाई पूर्व पोलंडमधली. सोव्हिएत राजवटीनं १९४० मध्ये तिला मुलाबाळांसकट उचलून सायबेरियाकडे नेलेलं, १९४२ मध्ये ती कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरलेली आणि पुढे कराचीमार्गे कोल्हापूर संस्थानात पोचलेली. तिचा नवरा किंवा थोरला मुलगा जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरमध्ये होता. मराठ्यांच्या पलटणी आणि ही पोलिश कोअर त्या वर्षी एकाच देशात, एकाच शत्रूशी लढत होत्या.

वळिवड्याचा हा पोलिश निर्वासितांचा कॅम्प आता कोल्हापूरकरांना चांगला माहीत आहे. महावीर उद्यानात १९९८ पासून त्याची आठवण सांगणारा स्तंभ उभा आहे. २०१९ मध्ये कॅम्पात वाढलेली काही पोलिश मंडळी म्हातारपणी परत येऊन गेली, तेव्हा शहरानं त्यांचं मनापासून स्वागत केलं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. निर्वासितांना आसरा दिला ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो आणि ती सांगावीच. पण कॅम्पातल्या सुमारे पाच हजार माणसांत बायका-मुलंच एवढी का होती, असं विचारलं की दुसरी बाजू दिसते. पुरुष आघाडीवर होते. वळिवड्याचा कॅम्प हा परदेशी लढणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांचाही कॅम्प होता, आणि त्याच्या भोवतीचा मुलूखही तसाच होता. ही दोन्ही घरं ज्या धाग्यावर तगली तो धागा म्हणजे लष्करी टपाल. त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगितलेली नाही.

मुंबईहून फौज जहाजावर चढली की तिच्यामागून टपालही चढायचं, ही रीत जुनी आहे. १८५६ मध्ये इराणच्या मोहिमेवर मुंबईहून सैन्य गेलं तेव्हा त्याच्याबरोबर टपाल खात्याची माणसंही गेली. भारतीय लष्करी टपालाचा आरंभ तिथून धरतात. पुढे अबिसीनिया, अफगाणिस्तान, इजिप्त, चीन, जिथं पलटण तिथं फिल्ड पोस्ट ऑफिस. तंबूत एक टेबल, शिक्का, तराजू, तिकिटं आणि मनीऑर्डरची पुस्तकं. या पोस्टमास्तरांचं मला फार अप्रूप वाटतं. टपाल खात्यात नोकरी धरलेली साधी माणसं, तोफांच्या टप्प्यात बसून हिशेब जुळवत होती.

पहिल्या महायुद्धात या यंत्रणेची खरी कसोटी लागली. १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय सैन्य फ्रान्समध्ये उतरलं. त्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या होत्या. ऑक्टोबर १९१४ अखेर न्यू शापेलच्या चढाईत त्यांनी मोठी हानी सोसली. मार्च १९१५ पर्यंत फ्रान्समधले भारतीय सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहू लागले होते. लिहायला येणारे थोडे, तेव्हा बहुतेक पत्रं कुणाकडून तरी लिहून घेतलेली. एक जण सांगतो, दुसरा लिहितो, आजूबाजूचे चारजण ऐकतात आणि आपापला निरोप जोडतात. ही पत्रं घराकडे निघण्यापूर्वी बुलोनच्या एका कचेरीत उघडली जात. तिचा प्रमुख एव्हलिन हॉवेल हा भारतीय नागरी सेवेतला अधिकारी. सैनिकांचं मन कुठं चाललंय, कुणी राजद्रोही मजकूर पाठवतंय का, घरच्यांना घाबरवतंय का, हे तिथं पाहिलं जाई. निवडक पत्रांचं इंग्रजी भाषांतर करून अहवाल वरती जाई.

सैनिकांना हे ठाऊक होतं. त्यांनीही वाटा काढल्या. काळी मिरी आणि लाल मिरची हा त्या पत्रांतला प्रसिद्ध संकेत: काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं घरी कळलं की आपली माणसं किती पडली ते जाणत्याला उमगायचं. भाषांतरकारालाही ते उमगलं, म्हणून तर ते आज आपल्याला माहीत आहे.

इथं एक फार बोचणारी गोष्ट आहे. ते अहवाल लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. संशोधक ते वाचतात, त्यांवर पुस्तकं निघतात. म्हणजे आपल्या शिपायांनी घरी काय लिहिलं याचा सर्वांत मोठा साठा, त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या कचेरीमुळे उरला, आणि तोही इंग्रजीत. मूळ पत्रं ज्या घरांत पोचली तिथं ती वाळवीनं, पुरानं, नाहीतर घर बदलताना गेली. बंगालमधल्या एका घरी वेगळं घडलं. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे लष्करी डॉक्टर मेसोपोटेमियात गेले, तिथं तुर्कांचे कैदी झाले आणि कैदेतच वारले. त्यांची घरी आलेली पत्रं घेऊन त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी १९२८ मध्ये ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक छापलं. सुशिक्षित घर, लिहिती आजी, म्हणून ते घडलं. मराठा शिपायाच्या आजीला अक्षर ओळखीचं नव्हतं.

त्याच मेसोपोटेमियात मराठी मुलखावर सर्वांत मोठा घाला पडला. सहाव्या पूना डिव्हिजनला घेऊन जनरल टाउनशेंड बगदादच्या दिशेनं निघाले आणि हटून कूत अल अमारात अडकले. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री व ११७ वी मराठा, या पलटणी आत होत्या. डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. जवळजवळ पाच महिने. एवढा काळ शिपायांचं टपाल जवळजवळ बंद. बिनतारी यंत्र तेवढं चालू होतं, पण ते सेनापतींसाठी. त्यावरून घोड्याचं मांस खाण्यास धर्माची मुभा आहे असे हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंचे निरोप मागवले गेले. कुणा शिपायाच्या आईला ‘पोरगा जिवंत आहे’ एवढं कळवायला त्यात जागा नव्हती. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. अधिकाऱ्यांना एकीकडे नेलं, शिपायांना वाळवंटातून पायी. हजारो वाटेत आणि रेल्वेमार्गाच्या कामावर मेले.

पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत त्या युद्धाचा छोटा दगड बसवलेला आढळतो. या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत, एवढाच मजकूर. नुसते आकडे, नावं नाहीत. कूतमध्ये अडकलेल्या घरांना त्या वर्षात जेवढी माहिती मिळाली असेल, तेवढीच त्या दगडावर आहे असं मला तो बघताना वाटतं.

बरं, पत्र आलं तरी ते कोणाला आलं? आपल्याकडे ते वडिलांच्या नावानं येई. तीर्थरूप बाबांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवीत जावी, पाऊसपाणी कसं आहे, बैलाचं काय झालं, धाकट्याला शाळेत घातलं का. शेवटी घरातील लहानमोठ्यांस यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद. बायकोचं नाव त्यात येत नसे. ती त्या ‘लहानमोठ्यांस’ मध्ये कुठंतरी बसलेली. पत्र वाचणार मास्तर. खेड्यातलं ब्रँच पोस्ट पुष्कळदा शाळामास्तरच चालवत, त्यामुळे टपाल घेणारा, वाचून दाखवणारा आणि उत्तर लिहून देणारा माणूस एकच. सोप्यात वाचन चाले आणि ती दाराआडून ऐके. विचारायचं पुष्कळ असे, पण विचारणार कोणाच्या तोंडून? सासऱ्याच्या. म्हणजे त्या नवराबायकोमध्ये पलटणीतला लेखनिक, सेन्सॉर, मास्तर आणि सासरा अशी माणसं उभी होती. घरच्यांना माहिती मिळत होती हे खरं. पण त्यातली जी सगळ्यात भुकेली होती तिच्या वाट्याला सगळ्यात कमी यायची.

तिचा खरा भरवसा मनीऑर्डरवर होता. मनीऑर्डर १८८० पासून आपल्या टपालात आहे. शिपाई पगारातला वाटा घरी लावून देई. पोस्टमन महिन्याला पैसे मोजून देई, अंगठा घेई आणि फॉर्मचं खालचं कूपन फाडून हातात ठेवी. त्या कूपनावर दोन ओळींचा निरोप मावे. पैसे आले म्हणजे माणूस आहे, हा हिशेब निरक्षर बाईलाही करता येत होता. पैसे थांबले की काळजाचा ठोका चुके. आणि तार आली तर ती उघडण्याआधीच घरात रड उठे. तारेतून चांगली बातमीही येऊ शकते, हे मराठी खेड्यानं कधीच मनापासून मानलं नाही. त्याला कारण होतं.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा यंत्रणा बरीच शहाणी झाली होती. फिल्ड पोस्ट ऑफिसांना नुसते नंबर होते. पत्रावर गावाचं नाव लिहायचं नाही, पलटण कुठं आहे ते सांगायचं नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि इटलीत असेल तर सी.एम.एफ. ही तीन अक्षरं, म्हणजे मध्य भूमध्य सागरातल्या फौजा. एवढ्यावर पाकीट पोचत असे. पत्रांची फिल्म काढून विमानानं पाठवायची आणि इकडे पुन्हा कागदावर छापून वाटायची, ही एअरग्राफची युक्तीही भारतात १९४२ मध्ये आली. समुद्रात पाणबुड्या जहाजं बुडवत असताना तिचं मोल फार होतं.

आणि कैद्यांसाठी नियम आला होता. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत कैद्याला घरी एक कार्ड पाठवू द्यावं लागे: मी पकडला गेलो आहे, तब्येत अशी आहे. जून १९४२ मध्ये जर्मन सेनापती रोमेलनं उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक घेतलं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण त्याच्या मुख्य माऱ्यापुढे उभी होती. ती जवळजवळ पूर्ण कैदेत गेली. कूतच्या वेळी जे घडलं नव्हतं ते या वेळी घडू शकत होतं. घरी आधी ‘बेपत्ता’ असं कळवणारा निरोप यायचा, आणि कितीतरी आठवड्यांनी रेड क्रॉसच्या हातून ते कार्ड. छापील मजकूर, त्यावर सही नाहीतर अंगठा. पण त्या कार्डानं कपाळावरचं कुंकू राहिलं की पुसायचं हे ठरत होतं. सव्वीस वर्षांत माणुसकी एका कार्डाएवढी पुढं सरकली, आणि ते थोडं नव्हतं.

आता इटली. १९४३ च्या अखेरीपासून मराठ्यांच्या पलटणी तिथल्या डोंगर-नद्यांत लढत होत्या. मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनोच्या डोंगरावर पोलिश कोअरनं चढाई केली. त्या डोंगरावर त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजननं रक्त सांडलं होतं. १८ मेच्या सकाळी मठाच्या ढिगाऱ्यावर पोलिश निशाण लागलं. जगभर ती बातमी गेली. तिथल्या पोलिश दफनभूमीत हजारावर थडगी आहेत. निशाण लागल्याची बातमी तासांत पोचते, थडग्यांची यादी आठवड्यांनी; वळिवड्यातल्या बाईला त्या मधल्या दिवसांत पोलिश विजयाचा आनंद करताना आपला माणूस कुठल्या यादीत आहे हे माहीत नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्यानं धाव घेतली आणि ती बंद पाडून ते पडले. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले, माणगावकडचे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं थडगं नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. पदक त्यांच्या विधवा पत्नीच्या हाती व्हाइसरॉय वेव्हेल यांनी दिलं. ज्या बाईचं नाव पत्राच्या मायन्यात येत नव्हतं, तिला दिल्लीला बोलावून साम्राज्याचा सर्वोच्च सन्मान दिला गेला. याहून आधी, आणि याहून साधं, काहीतरी तिला मिळायला हवं होतं असं मला वाटत राहतं.

९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ मला या सगळ्या गोष्टीचा मध्य वाटते. सेनिओ नदीच्या काठावर आठव्या आर्मीनं शेवटची मोठी चढाई सुरू केली. आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली पलटण होती. तिच्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना नदीपार आणलं, परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद केल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची गर्जना दिली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जगले. त्याच रात्री, त्याच नदीवर, त्याच आर्मीच्या दुसऱ्या बाजूनं पोलिश कोअर उतरली होती. २१ एप्रिलला बोलोन्यात ती पहिली शिरली. त्या रात्री नदीवर असलेल्यांपैकी काहींची घरं कोल्हापूर संस्थानात होती. एकीकडे मराठी, एकीकडे पोलिश. दोन्हीकडे पत्र येईपर्यंत तेवढीच शांतता.

पण दोन्ही घरांत मोठा फरक होता. वळिवड्यातली बाई वाचू शकत होती. कॅम्पात चर्च, इस्पितळ, शाळा, नाट्यगृह, पोस्ट होतं. मुंबईहून ‘पोलाक व् इंडियाख’ (भारतातला पोलिश माणूस) हे पोलिश नियतकालिक निघायचं. आघाडीवर काय चाललंय ते ती स्वतः वाचायची, पत्र स्वतः उघडायची, रात्री दिवा लावून पुन्हा वाचायची, उत्तर आपल्या अक्षरात लिहायची. आपल्या खेड्यातल्या बाईला यातलं काहीच नव्हतं. मात्र तिच्याकडे गाव होतं. मास्तरानं वाचलेलं पत्र सगळ्या आळीचं व्हायचं. रजेवर आलेला दुसरा कुणी शिपाई दारी येऊन तोंडी सांगायचा, ‘वहिनी, त्याला बघून आलोय, धडधाकट आहे.’ वाचता न येणाऱ्यांसाठी ती तोंडी खबर पत्राच्या वरची. पोलिश बाईला असं कुणी रजेवर येऊन सांगणारं नव्हतं.

आणि काही पत्रं मुळीच येणार नव्हती. १९३९ मध्ये सोव्हिएत कैदेत गेलेले पोलिश अधिकारी कोझेल्स्क, ओस्ताश्कोव्ह, स्तारोबेल्स्क या छावण्यांतून घरी लिहीत होते. १९४० च्या वसंतात ती पत्रं एकाएकी थांबली. एप्रिल १९४३ मध्ये कातीनच्या जंगलातली पुरलेली प्रेतं जगापुढे आली तेव्हा त्या थांबण्याचा अर्थ कळला. सुमारे बावीस हजार माणसं मारली गेली होती. मॉस्कोनं ते कबूल करायला १९९० साल उजाडलं. पत्र थांबणं हाच एकमेव पुरावा असलेल्या हजारो घरांत, १९४३ मध्ये इराणातून पुढे निघालेलीही घरं होती.

युद्ध संपलं. मराठ्यांच्या पलटणी बोटीनं परतल्या, माणसं गावी आली. पोलिश सैनिकांना परतायला देशच उरला नाही. याल्टात पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला गेलं आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. मग टपाल उलट्या कामाला लागलं: कुठं भेटायचं ते ठरवायला. ज्यांचा माणूस फौजेत होता त्यांना ब्रिटनला जाता आलं. १९४७-४८ मध्ये वळिवड्याची घरं मुंबईच्या बंदरातून निघाली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं. आज तिथं कापडाचा घाऊक बाजार आहे.

स्वतंत्र भारताच्या फौजा परदेशी गेल्या त्या बहुतेक शांतीच्या कामाला, आणि त्यांच्यामागं टपालही गेलं. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांची राखण करायला आपली फौज गेली, तेव्हा भारतीय तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापून ती तिथल्या फिल्ड पोस्टात वापरली. पुढच्या वर्षी कंबोडिया, लाओस, व्हिएतनामच्या आयोगासाठी तशीच. मग काँगो, मग गाझा. तिकिटं जमवणाऱ्यांना ती आज मौल्यवान वाटतात. मला ती वेगळ्या कारणानं आवडतात. कुठल्या देशात आहे हे पाकिटावर उघड लिहिता येण्याची मुभा सैनिकाला त्यात मिळाली होती. घरच्या माणसांनी शाळेतला नकाशा मागून आणून ते बोट ठेवून पाहावं इतकी ती मोठी गोष्ट होती.

श्रीलंकेत १९८७ ते १९९० मध्ये पुन्हा कठीण काळ आला. भारतीय शांतिसेनेतल्या मराठा आणि महार पलटणी जाफनाच्या बाजूला लढत होत्या; सगळ्या शांतिसेनेचे मिळून सुमारे बाराशे जवान कामी आले. खेड्यांत फोन जवळजवळ नव्हताच. रेडिओवर बातमी ऐकायची आणि मग पोस्टमनची वाट बघायची, हे १९१६ सारखंच. फरक एवढाच की आता बायको इनलँड स्वतः उघडून वाचत होती. शाळा मुलींपर्यंत पोचल्याचा सगळ्यात खाजगी लाभ मला हा वाटतो.

लष्करी टपाल सेवेचं वेगळं दळ १ मार्च १९७२ रोजी झालं. त्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कामठीला आहे. ब्रीद ‘मेल मिलाप’. त्यातली बहुतेक माणसं टपाल खात्यातून काही वर्षांसाठी गणवेशात येतात आणि मग परत आपल्या गावच्या पोस्टात जातात. कोल्हापूरच्या काउंटरवर पत्राचं वजन करणाऱ्या एखाद्या बाबूनं कधीकाळी बर्फातल्या बंकरात पत्रं वाटलेली असू शकतात. व्यवस्था आजही तीच: नाव, नंबर, हुद्दा, युनिट, मार्फत ५६ ए.पी.ओ. किंवा ९९ ए.पी.ओ. उत्तर-पश्चिमेसाठी पहिला, पूर्वेसाठी दुसरा. पत्र कुठल्याही पेटीत टाका. ते दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या केंद्रीय बेस पोस्ट ऑफिसात जातं. कुठलं युनिट आज कुठं आहे ही माहिती तिथल्या लोकांना असते, बाहेर नाही. तिथून बंद थैली फिल्ड पोस्टात, फिल्ड पोस्टातून युनिटच्या पोस्ट ऑर्डर्लीकडे आणि त्याच्या हातून जवानाकडे. पलटण रातोरात हलली तरी घरचा पत्ता बदलत नाही. इतकी साधी आणि इतकी पक्की व्यवस्था आपल्या सरकारी यंत्रणांत मी फार थोडी पाहिली आहे.

आता दक्षिण सुदान, काँगो, लेबनॉन किंवा गोलन टेकड्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत असलेला जवान संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं देणारं गाव. अशा गावात आज बाळाचा चेहरा बाप जन्माच्या दिवशीच बघतो. हे फार मोठं सुख आहे आणि ते कमी लेखू नये. पण त्यानं वाट बघणं संपलेलं नाही, फक्त आखूड झालं आहे. पूर्वी सहा आठवडे पत्र नाही म्हणजे काळजी. आता सहा तास फोन लागला नाही म्हणजे काळजी. तिथं काही घडलं तर अधिकृत निरोप घरी पोचायच्या आधी टीव्हीवर चालू झालेलं असतं आणि गावच्या ग्रुपवर नाव फिरू लागतं. पूर्वी तार तरी एकाच घरात यायची. या जागी जुनी सावकाश शिस्त अजून लागते: युनिटकडून खात्रीचा निरोप, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातला माणूस प्रत्यक्ष दारात, मग कागद. असं एखादं घर ज्यांच्या आळीत आहे, त्यांनी तो निरोप येईपर्यंत फोन खिशात ठेवावा.

जुन्या पत्रांबद्दल मात्र अजून करण्यासारखं काम आहे आणि ते कोल्हापुरात करता येईल. ट्रंकेत, पोथीच्या पानांत, देव्हाऱ्याच्या खणात एखादं पाकीट, कार्ड, मनीऑर्डरचं कूपन उरलेलं असतं. ते सापडलं तर तिकीट सोडवण्यासाठी पाण्यात टाकू नका. शिक्का फार महत्त्वाचा. त्या गोल शिक्क्यात एफ.पी.ओ. नंबर आणि तारीख असते. दुसऱ्या महायुद्धातलं कुठलं भारतीय फिल्ड पोस्ट ऑफिस कुठं होतं, याचा अभ्यास ब्रिगेडियर डी. एस. विर्क यांनी करून पुस्तकरूपानं मांडून ठेवला आहे. नंबर आणि तारीख जुळवली की आजोबा त्या आठवड्यात कुठल्या भागात होते ते कळू शकतं. जे तेव्हा घरच्या कुणाला सांगायची मनाई होती ते आता नातवंडांना नकाशावर दाखवता येतं. वळिवड्यात वाढलेल्या मुलांनी पुढं इंग्लंडमध्ये आणि पोलंडमध्ये एकत्र येऊन आपल्या आठवणी, फोटो, कागद जमा केले, मोठा ग्रंथ केला. आपल्याकडची पत्रं शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात नीट प्रत काढून ठेवता येतील, आणि सुरुवात सैनिक कल्याण कार्यालयात दर महिन्याला येणाऱ्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना एवढं विचारून करता येईल की घरी जुनं काही पाकीट आहे का.